तीन घरांत फिरणारा वाघ

अण्णा,

वाघ-बकरी खेळणारं एक यंत्र मी तयार केलं आहे. यंत्र म्हणजे लोखंडाचं काही नाही, लॅपटॉपमध्ये राहणारा एक प्रोग्राम आहे आणि तो स्वतःशीच खेळून खेळ शिकतो. गेले काही दिवस हे तुम्हाला सांगावंसं सारखं वाटतंय, कारण त्याला मी एकच गोष्ट विचारण्यासाठी बनवलं आणि ती गोष्ट तुमच्या-माझ्यातली आहे. मी बी.एस्सी. झाले त्या उन्हाळ्यात स्वैपाकघराच्या फरशीवर आपण शेवटचा डाव खेळलो. जिंकले असते तर मी पुण्याला शिकायला जाणार होते. हरले, आणि इथेच राहिले. तो डाव मला जिंकता येण्यासारखा होता की नव्हता, एवढंच मला कळायला हवं होतं.

मी अजून त्याच घरात आहे. झाशीच्या ओरछा गेटच्या आतली तीच गल्ली, त्याच दोन खोल्या, मागे तेच स्वैपाकघर. माकडांचा त्रास फार वाढला म्हणून अंगणावर जाळी बसवून घेतली, तेव्हापासून आकाशसुद्धा चौकोनाचौकोनांत दिसतं. ज्या कॉन्व्हेंटमध्ये तुम्ही मला बोट धरून घातलंत, तिथेच मी पुढे गणित शिकवलं. शेवटची बरीच वर्षं तर त्याच वर्गात, जिथे सिस्टर मला बीजगणित शिकवायच्या. खिडकीबाहेर एक भिंत होती. बाकावर बसून मी ती पाहिली आणि टेबलामागे उभं राहूनही तीच पाहिली. निवृत्त झाले त्या दिवशी मुलींनी मला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, जणू मला कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं. घर ते शाळा वीस मिनिटं, शाळा ते घर वीस मिनिटं, वाटेत भाजी. हिशेब केला तर खूप चालले असेन मी, पण गाव ओलांडून काही गेले नाही.

घरात मराठी बोलायला आता कोणी नाही. धाकटा भाऊ दिल्लीलाच राहिला. त्याची मुलगी, जी तुम्ही गेलात तेव्हा रांगत होती, आता पुण्याला नोकरी करते. हो, पुण्यालाच. तिचं काम यंत्रांना शिकवायचंच आहे. मराठी तिला सगळी कळते, पण बोलताना दोन शब्दांनंतर गाडी हिंदीवर जाते, आणि वाचता तर येतच नाही. माझ्या निवृत्तीनंतर तिनेच जुना लॅपटॉप आणून दिला. म्हणाली, "आत्या, तू दिवसभर करतेस काय? बोर नहीं होती?" मी म्हटलं, बोअर व्हायचीसुद्धा सवय होते. तिला ते आवडलं नाही. तिने मला प्रोग्राम लिहायला बसवलं. फोनवर रोज अर्धा तास शिकवणी असायची, आणि मी चुकले की ती अगदी माझ्याच वर्गातल्या आवाजात म्हणायची, "ध्यान कहाँ है?"

पहिला स्वतःचा प्रोग्राम कशाचा लिहायचा असं तिने विचारलं, तेव्हा मी क्षणभरही विचार केला नाही. वाघ-बकरी म्हटलं.

तुम्ही आखलेला पट फरशीवर अजून पुसट दिसतो. रेल्वेच्या वर्कशॉपात नकाशे काढणाऱ्या माणसाचा हात होता, एकही रेघ वाकडी नाही. रेघा मिळतात तिथे एक घर, अशी पंचवीस घरं. चार कोपऱ्यांत चार वाघ. बकऱ्या वीस, त्या एकेक करून मांडायच्या आणि सगळ्या मांडून झाल्यावर चालवायच्या. वाघाने उडी मारून पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकले. चारही वाघांना हलायला जागा उरली नाही की बकऱ्या जिंकल्या. बकऱ्या म्हणजे सीताफळाच्या बिया, आणि वाघ म्हणजे माझ्या दहाव्या वाढदिवसाला तुम्ही वर्कशॉपातल्या लेथवर काम करणाऱ्या खरादवाल्याकडून करवून आणलेल्या चार पितळी गोट्या, खालून सपाट केलेल्या. माझ्या वर्गातल्या मुलींना बाहुल्या मिळायच्या. मी सोमवारी शाळेत सांगितलं की मला वाघ मिळाले, तर सिस्टरनी मला खोटं न बोलण्याबद्दल दोन ओळी पन्नास वेळा लिहायला लावल्या.

आपल्या घरात भांडणं होत नसत, वाद पटावर टाकले जायचे. आता लोकांना सांगितलं तर हसतील, पण मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं. आईला शिलाई मशीन हवं होतं, तुम्हाला ते नको होतं, तुम्ही म्हणालात, "टाक पटावर." आईने पोळ्या लाटता लाटता बकऱ्या चालवल्या आणि तुमचे चारही वाघ कोंडले. पिठाच्या हाताने शेवटची बी ठेवून म्हणाली, "पायानं चालवायचं आणा हं, हाताचं नको." शाळेच्या सहलीला जायचं की नाही, दिवाळीला समथरला मावशीकडे जायचं की झाशीतच राहायचं, सगळं पटावर ठरायचं. हरणाऱ्याने कुरकुर करायची नाही आणि जिंकणाऱ्याने पुन्हा बोलून दाखवायचं नाही. मला ते फार न्यायाचं वाटायचं. आठ वर्षांची असताना एकदा हरत आले म्हणून मी हाताने सगळ्या बिया उधळल्या. तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "जिथली बी तिथे ठेव. सगळ्या. मग हर." मी रडत रडत एकेक बी आठवून ठेवत बसले. चुलीवरचा भात होऊन उतरला तरी माझ्या दोन बकऱ्या सापडेनात. तुम्ही समोर बसून राहिलात, एकही सांगितली नाहीत. त्या दिवसापासून मांडणी डोक्यात ठेवायची सवय लागली. म्हणूनच त्या शेवटच्या डावातली प्रत्येक बी मला आजही माहीत आहे.

आई गेली त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात पुण्याहून पत्र आलं. संख्याशास्त्र, आणि त्याबरोबर कॉम्प्युटरचा अभ्यास, जो तेव्हा अगदी नवा होता. अर्ज सिस्टरनी भरायला लावला होता, शिफारस त्यांनीच लिहिली होती. धाकट्याला तुम्ही आदल्याच वर्षी दिल्लीला हॉस्टेलवर ठेवलं होतं. त्याचा वाद काही पटावर गेला नव्हता. माझं पत्र तुम्ही दोनदा वाचलंत, घडी घालून डब्याखाली ठेवलंत आणि म्हणालात, "बसू या एक डाव. तू बकऱ्या घे. जिंकलीस तर मी स्वतः गाडीत बसवून देईन. हरलीस तर विषय संपला."

"आणि मी खेळलेच नाही तर?"

"मग माझं म्हणणं राहील."

"तुमचं म्हणणं काय आहे, ते तरी सांगा."

"ते पटावर टाकलंय ना," तुम्ही म्हणालात.

बाहेर भाजणारी लू चालली आहे. दाराला ओली चादर लावली आहे, तिच्यातून तांबूस उजेड येतोय. तुम्ही चुलीकडे पाठ करून बसला आहात, माझ्या उजव्या हाताला माठ. मी बकऱ्या कडेकडेने मांडते, तुम्हीच शिकवल्याप्रमाणे. तीन जातात, त्यातली एक माझ्या घाईने. तुम्ही एकही चाल हलकी खेळत नाही. तास उलटून जातो. मग हळूहळू तुमचे तीन वाघ कोंडून बसतात, एक चुलीच्या कोपऱ्यात, दोन दाराच्या अंगाला. चौथा मात्र माठाच्या बाजूला तीन घरांत फिरतो आहे. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून पुन्हा पहिल्यात. त्याची उडी कुठेच लागत नाही, पण तो बसतही नाही. मी खूप वेळ बघत बसते. मग चुलीकडची बकरी हलवते. ती हलली आणि चुलीच्या कोपऱ्यातला वाघ मोकळा झाला. एक उडी, दुसऱ्या खेपेला आणखी एक उडी. पाच झाल्या. तुम्ही चारही गोट्या मुठीत घेतल्यात आणि म्हणालात, "चहा टाक." मी चहा टाकला.

त्यानंतर आपण कधी खेळलो नाही. पितळी वाघ कपाटात गेले. जिंकणाऱ्याने पुन्हा बोलायचं नाही हा नियम तुम्ही शेवटपर्यंत पाळलात, फक्त कधी कधी रेडिओवर हवामान ऐकून म्हणायचात, "पुण्याला पाऊस झाला म्हणे." मी भाजी निवडत बसायचे. वरवर सगळं नीट होतं. तुमचं पथ्य, तुमची औषधं, तुमचे कपडे, मोतीबिंदूनंतर तुम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवणं. बिजौलीच्या कारखान्यात हिशेबनीस असलेल्या एका माणसाचं स्थळ आलं होतं, तेही तुम्हाला कोण बघणार या प्रश्नाशी येऊन थांबलं. मी कधी तोंडाने काही म्हटलं नाही. पण मनात एक वाक्य कायम होतं, की अण्णांनी मला असा डाव दिला जो जिंकताच येत नव्हता. दरवाजा उघडा ठेवल्याचं दाखवलं आणि बाहेरून कडी लावली. या वाक्यावर मी उभी होते, अण्णा. सकाळी साडेसहाला उठायला, थंड पाण्याने अंघोळ करायला, त्याच वर्गात तेच समीकरण तिसाव्या वर्षी नव्याने शिकवायला, त्याचाच आधार होता.

तर यंत्र. ते कसं शिकतं ते तुम्हाला आवडलं असतं. त्याला फक्त नियम सांगायचे, कसं खेळायचं ते सांगायचं नाही. दोन्ही बाजूंनी तेच खेळतं, आणि सुरुवातीला अगदी अंदाधुंद. डाव संपला की निकाल मागे मागे न्यायचा आणि डावातल्या प्रत्येक मांडणीला त्यातला थोडा थोडा वाटून द्यायचा. ज्या मांडण्यांतून बकऱ्या जिंकल्या त्यांचा आकडा जरासा एककडे सरकतो, ज्यांतून हरल्या त्यांचा उणे एककडे. मांडण्या इतक्या असतात की सगळ्या लिहून ठेवता येत नाहीत, म्हणून एक न्यूरल नेटवर्क असतं. ते पाहिलेल्या मांडण्यांवरून न पाहिलेलीचा अंदाज बांधतं. मग त्या अंदाजाने पुन्हा खेळायचं, पुन्हा निकाल वाटायचा, पुन्हा अंदाज सुधारायचा. हजारो डाव. पहिल्या दिवशी त्याच्या बकऱ्या सरळ वाघाच्या तोंडासमोर जाऊन बसायच्या, मला आठ वर्षांची मी आठवले. चौथ्या-पाचव्या दिवशी पाहिलं तर बकऱ्या कडा धरून मांडल्या जात होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. तुमचं "कडेनं चल गं, मधे काय ठेवलंय" हे त्या यंत्राने एकट्याने, नुसतं हरून हरून शोधून काढलं होतं. मी खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्याने हसले. घरात दुसरं कोणी असतं तर त्याला दाखवलं असतं.

दोन आठवडे ते शिकत होतं. भर दुपारी लॅपटॉप इतका तापायचा की त्याच्याखाली मी ओल्या पंच्याची घडी ठेवायचे, आणि वीज गेली की इन्व्हर्टरच्या लाल दिव्याकडे बघत बसायचे. मग एका सकाळी मी आपली मांडणी त्याच्यात भरली. तीन बसलेले वाघ, चौथा माठाकडचा, सतरा बकऱ्या, चाल माझी. आकडा आला जवळजवळ शून्य. शून्य म्हणजे कोणीच जिंकत नाही, डाव असाच चालत राहतो. मी पुन्हा भरली, बिया मोजून भरली. पुन्हा शून्य.

म्हणजे माझं वाक्य खरं होतं. जिंकता येतच नव्हतं. मला वाटलं होतं की मी रडेन, किंवा तुमच्या फोटोकडे पाठ करून बसेन. तसं काही झालं नाही. मी निवांत झाले. त्या दिवशी डाळ-तांदूळ निवडले, पलंगपोस बदलला, आणि भाचीचा फोन आला तेव्हा तिला आनंदाने सांगितलं की यंत्र तयार झालं, ये एकदा बघायला.

ती चार दिवसांची सुट्टी काढून आली. येताना तिच्या डोक्यात माझंच काहीतरी शिजत होतं. "आत्या, तीन महीने के लिए चल ना पुण्याला. माझ्याकडे एक खोली खाली आहे." मी म्हटलं, घर बंद ठेवलं की माकडं आत शिरतात. ती म्हणाली, "जाळी आहे ना?" मी म्हटलं, पाहू. मग तिला खेळायला बसवलं. तिने बकऱ्या घेतल्या, यंत्राने वाघ. अर्ध्या तासाने तिने आतून हाक मारली.

"आत्या, तुझा वाघ पागल आहे. देख. इकडे, तिकडे, इकडे, तिकडे. कब से यही चालू आहे."

"हरत नाहीये ना, मग?"

"हरत नाही, पण खेलता भी नहीं. तू त्याला हारने का डर इतना सिखाया है की जीतना भूल गया. ये तो चीटिंग आहे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे हे चालत नसे."

"काय?"

"सोडलेल्या घरात लगेच परत जाणं. वाघाला सक्त मनाई होती."

ती खुर्चीतच माझ्याकडे वळली. "तो ये रूल डाला क्यों नहीं?"

"विसरले गं."

"तू? तुला तर रिटायर होऊन भी लड़कियों के रोल नंबर याद हैं."

खरंच विसरले होते, अण्णा. निदान मला तसं वाटतं. आणि विसरण्यासारखा तो नियम नव्हता, कारण तो झाला त्या दिवशी मी तिथेच होते. समोरचे वकीलसाहेब रविवारी खेळायला यायचे. हरायला लागले की एकच वाघ दोन घरांत पुढे-मागे करत बसायचे आणि तोंडाने पान चावत राहायचे. तुम्ही एका रविवारी तासभर सोसलंत आणि मग म्हणालात, "आज से नियम. जो घर छोड़ा, उसमें उलटे पाँव वापसी नहीं. बीच में कहीं और जाइए, फिर आइए." वकीलसाहेब म्हणाले, "वाह बाबूजी, कानून पढ़ा हमने और बना रहे हैं आप! इसकी अपील कहाँ होगी?" तुम्ही आईकडे बोट दाखवलंत. आई कढई खाली उतरवता उतरवता म्हणाली, "अपील खारिज." वकीलसाहेब इतके हसले की पानाचा तुकडा पटावर उडाला, आणि आईने त्यांच्याकडूनच फरशी पुसून घेतली. तेव्हापासून आपल्या घरी दुसऱ्या घराची सोय नसलेला वाघ बसलेलाच धरायचा.

भाचीने विचारलं, "तो फिर से सिखाएं?" नको म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. नुसता नियम घालून भागलं नाही, यंत्राचं शिकलेलं सगळं पुसावं लागलं, कारण त्या येरझाऱ्या त्याच्या अंगात मुरल्या होत्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली, या वेळी तिच्या वेगवान लॅपटॉपवर, म्हणून दोन आठवड्यांचं काम दोन दिवसांत, पुन्हा मूर्ख बकऱ्या, पुन्हा कडा धरणं. तिची सुट्टी संपायच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी जेवून बसलो आणि तिनेच म्हटलं, "वो पोज़ीशन डाल, आजोबांवाली." त्या डावाबद्दल मी तिला फोनवर सांगितलं होतं. माझ्या बाजूने.

मी भरली. आकडा जवळजवळ एक आला. बकऱ्या जिंकल्यात जमा. यंत्राने चाल दाखवली ती माठाकडच्या बकरीची. ती एक घर पुढे सरकवायची, बस. वाघाच्या तीन घरांतलं एक बंद होतं, दोन उरतात. तो दुसऱ्यात जातो, कारण त्याला दुसरीकडे जाताच येत नाही, आणि मग आपल्या नियमाने परत येता येत नाही. चारही बसले. एवढं सोपं होतं.

भाची खुर्चीवरून उठून उभी राहिली. "मतलब आजोबा हारे हुए थे! आत्या, तू जिंकली होतीस!" आणि मग हळूच, "तुला दिसली नाही चाल?"

पुण्याच्या गाडीला ती संध्याकाळी गेली. स्टेशनवर रिक्षातून उतरताना पुन्हा म्हणाली, "आ रही है ना?" मी म्हटलं, पोचलीस की फोन कर. ती गेल्यापासून मी हे लिहिते आहे, वहीत, हाताने. तिला माझं मराठी अक्षर वाचता येत नाही, म्हणून वही टेबलावर उघडी पडली तरी चालते. पाठवायची तर नाहीच आहे.

तुमचा आणखी एक नियम होता. तो मी यंत्राला शिकवला नाही, आणि तो विसरलेही नव्हते. हात लावलेली बकरी चालवायचीच. यंत्राला बोट नसतं, ते ठरवतं तेच करतं, त्यामुळे त्याला या नियमाची गरजच पडत नाही. पण आपल्या घरी याच्याइतका कडक दुसरा नियम नव्हता. आईला तुम्ही कधी सूट दिली नाहीत. वकीलसाहेबांच्या कुर्त्याची बाही बीला घासली तरी म्हणायचात, "हात लागला." मला तर लहानपणी तुम्ही ते हजार वेळा ऐकवलंत.

त्या दुपारी माझं बोट माठाकडच्या बकरीवर होतं, अण्णा. वरून फिरवत नव्हते, टेकवलं होतं. ती बी जरा गार लागली होती, माठाच्या ओलीमुळे. पुढचं सगळं मला दिसत होतं, तुमचा वाघ कुठे जाणार आणि कसा बसणार तेही. तुम्ही माझ्या बोटाकडे पाहिलंत. मी थांबले. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, "हात लागला," मग मला चालवावीच लागेल, मग मी जाईन, आणि आई नसलेल्या घरात तुम्हाला एकटं टाकून गेले असं होणार नाही, नियमाने गेले असं होईल. मी बराच वेळ थांबले. तुम्ही मान वळवलीत आणि माठावरचं झाकण नीट बसलंय का ते बघू लागलात. मग मी बोट उचललं आणि चुलीकडची बकरी चालवली.

भाचीला मी सांगितलं की नाही गं, ती चाल मला तेव्हा दिसलीच नाही. तिने विश्वास ठेवला, माझ्या खांद्यावर हातही ठेवला. तुम्हाला तसं सांगता येत नाही. तुम्ही समोरच बसला होतात.